विमलताईंचा पाळीचा कागद

तेलाच्या रिकाम्या डब्यावर लाटणं. ठण्, ठण्, ठण्.

तो आवाज करणारी बाई जाऊन आज वर्ष झालं.

दुष्काळाची वर्षं होती. पुंडलिकनगरच्या आमच्या गल्लीत सकाळी टँकर यायचा आणि विमलताई डबा बडवत सगळ्यांना उठवायच्या. निवृत्त नर्स. आवाज असा, की पेशंटनं घाबरूनच बरं व्हावं.

गल्लीत सात घरं अशी, जिथं हंडा उचलणारं कुणी नाही. म्हातारी माणसं, एक आजारी, एक बाळंतीण. ताईंनी कॉलेजातली तीन पोरं धरली आणि जुन्या कॅलेंडरच्या कोऱ्या बाजूवर वार आखले.

मला शाळेपासून कवितेचा नाद. मी म्हणालो, "ताई, या पोरांना 'जलसखा' म्हणू या."

"नाय हो भाऊ. जलसखा म्हटलं की फोटो काढावा वाटतो. पाळी म्हटलं की यावं लागतं."

आणि मोठ्यानं वाचलं, "मंगळवारी पल्लवीची पाळी."

पोरं फिस्सकन हसली. पल्लवी लालेलाल.

"झालं हसून? तीपण पाळी, हीपण पाळी. दोन्ही वेळेवर आल्या की जिवाला बरं असतं. चला, उचला हंडे!"

पुन्हा कुणी हसलं नाही.

उन्हाळा सरेपर्यंत एकेका वारापुढं चार-चार नावं झाली. पल्लवी तर परीक्षेच्या दिवशीही आधी हंडे पोचवून गेली.

मग पाऊस झाला, टँकर बंद झाला, शहर वाढलं. शेतं होती तिथं इमारती आल्या. यंदा टँकरही परत आला.

ताई नाहीत, म्हणून मी हौसेनं मोबाइलवर ग्रुप काढला. नाव अर्थातच 'जलसखा'.

साठ पोरंपोरी आली! मी रोज चार ओळी रचून टाकायचो. खाली अंगठे, फुलं, जोडलेले हात.

सोमवारी टँकर आला. पोरं कुणीच नाही. प्रत्येकाला वाटलं, एवढे जण आहेत, कुणीतरी जाईलच.

शेजारचे रज्जाकचाचा रिकाम्या कळशीजवळ बसून होते. म्हणाले, "भाई, शायरी तो आ गई. पानी कब आरा?"

लई लाज वाटली.

त्याच दुपारी ग्रुपचं नाव बदलून 'पाळी' केलं. कॅलेंडरच्या पाठीवर वार आखून फोटो टाकला. ज्याचं नाव, त्यानंच यायचं.

संध्याकाळपर्यंत सहा वार भरले. एकानं तर विचारलं, "काका, माझ्या पाळीला पेपर आहे, मित्राला पाठवला तर चालेल?"

गुरुवार तेवढा रिकामा राहिला.

आज गुरुवार. टँकर यायला अर्धा तास आहे. माझे गुडघे कळशी पेलत नाहीत आणि चाचांना काय सांगावं ते सुचत नाही. म्हणून तुमच्या फोटोपुढं बोलत बसलोय, ताई.

थांबा, बेल वाजली.

...

दारात कोपऱ्यावरच्या बंगल्यातली मुलगी. त्यांचं स्वतःचं बोअर आहे. टँकरच्या रांगेत त्या घरातलं माणूस मी आजवर पाहिलेलं नाही.

हातात विमानप्रवासाची चाकांची बॅग, तिच्यावर ओढणीनं करकचून बांधलेले दोन कॅन.

"काका, मला हंडा नाही उचलता येत. हे चालेल ना? पहिलं घर कुणाचं?"

विमलताई, नमस्कार करतो. पोरीला चाचांचं दार दाखवून येतो.