काचेवर लावलेली चावी

आमच्या बेलापूरच्या ऑफिसात आम्ही चौघं. द्रोणागिरीतल्या एका गोदामासाठी एपीआय लिहीत होतो. म्हणजे ट्रान्सपोर्टवाल्याच्या कॉम्प्युटरने माल बाहेर काढायचा गेटपास मागायचा आणि गोदामाच्या कॉम्प्युटरने तो द्यायचा. प्रश्न एकच होता, मागणारा कोण हे ओळखायचं कसं? समोर बसणारी सहकारी म्हणाली, प्रत्येकाला वेगळी चावी, म्हणजे पासवर्डसारखा गुप्त शब्द देऊ, आणि ती रोज बदलू. मी म्हटलं, कशाला डोक्याला ताप? चाळीस अक्षरांची एकच चावी सगळ्यांना देऊ. माझा आवाज मोठा, म्हणून मी जिंकलो. माझे बरेचसे वाद मी असेच जिंकलेले आहेत.

आठवड्याने गोदामावर गेलो, तर गेटच्या केबिनच्या काचेवर माझी चावी. ठळक छापलेली, लॅमिनेट केलेली, वर कोपऱ्यात कुंकवाचं बोट. एक ड्रायव्हर तिचा फोटो काढत होता. माझं टाळकंच सरकलं.

"काका, ही गुप्त ठेवायची असते."

"सगल्यांना दिली, मंग गुप्त कशी?" गेटचे सुपरवायझर काका तिथल्याच गावचे, निवृत्तीला चार महिने उरलेले. "रोज कुनी ना कुनी इचारतं. म्हनून लावली." मग त्यांनी एक पास माझ्यापुढे धरला. खाली 'पास देणार' असं छापून पुढे त्यांचं नाव होतं. "ह्यो नंबर टाकून कुनी भलताच माल नेला, तं नाव कुनाचा?"

नाव त्यांचंच. खरंच लाज वाटली. आळस माझा आणि नोकरी जाणार यांची. तिथूनच सहकारीला फोन केला, तुझंच बरोबर होतं म्हणून. नीट ऐकू आलं नाही असं सांगून तिने ते माझ्याकडून दोनदा वदवून घेतलं.

पंधरा दिवसांनी रोज बदलणाऱ्या वेगवेगळ्या चाव्या तयार झाल्या. पासवरही आता मागणाऱ्याचं नाव येणार होतं. पहिली चाचणी मीच केली. एका रिकाम्या ट्रकसाठी पास मागितला आणि सवयीने जुनीच चावी टाकली. पास मिळाला नाही.

"काका, गाडी रिकामी आहे, सोडा ना. मीच बनवलंय हे."

"पास नाय तं गाडी नाय. बसा, चाय घ्या."

सहकारीने सावकाश नवी चावी पाठवली, तोवर ड्रायव्हरने मला मनसोक्त शिव्या घातल्या. शेवटी पास छापून आला. काकांनी चष्मा लावून तो दोनदा वाचला, माझ्या नावावर बोट ठेवलं आणि गेट उघडायला सांगितलं.

"आता काय झाला, तं तुमाला पकरतील," ते म्हणाले, आणि खुशीत माझ्यासाठी आणखी एक चहा मागवला.