कोरड्या नळाची बातमी

"गुरुजी, हा अंक गावात दिसला तर छापखान्यासकट तुम्हाला घोडनदीत बुडवीन!" सरपंच असे गरजले, की दौंडच्या स्टेशनमास्तरानं शिट्टी समजून गाडीच सोडली असावी. शाई आन् रॉकेलचा वास आला की शिरूरचा गुरुजींचा तो छापखाना मला अजून आठवतो. सरपंचांच्या गावातल्या बौद्धवस्तीचा नळ उन्हाळाभर कोरडा असल्याची बातमी गुरुजींनी आपल्या साप्ताहिकात छापली होती. छपाईचे खिळे जुळवता जुळवता ते शांतपणे म्हणाले, "अंक कालच गावात पोचला. आमच्या प्रौढवर्गात बायांनी मोठ्यानं वाचलासुद्धा." "कुणी वाचला? नाव सांगा!" गुरुजींनी पुढचा खिळा उचलला. दवाखान्यासाठी सरपंचांबरोबर आलेली त्यांची म्हातारी आई दारातून म्हणाली, "म्या वाचला. पाणी सोड आता."