सुलूने पातं थांबवलं

बोईसरच्या औद्योगिक वसाहतीत दगडांचे कागदासारखे पातळ काप करून देणारा एक छोटा कारखाना आहे. नवापूरची सुलू तिथे बावीस वर्षं यंत्रावर उभी आहे. माहेर-सासर दोन्ही मासेमारीतलं. बोटीवर नवऱ्याचा हात जायबंदी झाला तेव्हा ती ग्रॅनाइट घासायच्या कामाला लागली, आणि तिथून इकडे आली. पात्याचा आवाज बिघडण्याआधी तिच्या तळहाताला कळतं, असं मालक दिग्विजय स्वतः सांगतो.

त्या शुक्रवारी रूपल नावाची संशोधक फोममध्ये गुंडाळलेला एक दगड घेऊन आली. खाली करडा खडक, वर चार बोटं जाडीचा काळाकुट्ट थर. समुद्राच्या तळाशी विझून पडलेल्या ज्वालामुखीवरून जहाजाने तो ओढून आणला होता.

“बाकी सगळ्या दगडांचे थर सुटून आले. शाबूत हा एकच,” रूपल म्हणाली. “उभा कापायचाय.”

“एक वाजता लाइट जाणार. उरक,” दिग्विजय म्हणाला.

सुलूने दगड शिकंज्यात धरला, पाणी सोडलं, पातं चालू केलं. अर्धा काप छान गेला. मग तळहाताखाली बारीकशी थरथर आली. तिने बटण दाबलं.

“मध्येच का थांबवलंस?” दिग्विजय ओरडला. “पातं अडकेल!”

“थर सुटतोय.”

काळा थर आणि खडक यांच्या सांध्यात केसाएवढी रेघ उमटली होती. रूपल वाकून पाहू लागली.

“थोडंच राहिलंय. काढून टाक एकदाचा,” दिग्विजय म्हणाला.

“नाय शेठ. आता रेटला तर हातात दोन तुकडे येतील. मी नाय चालवणार.”

इतक्या वर्षांत तिने मालकाला असं तोंडावर कधी सांगितलं नव्हतं. दिग्विजय रूपलकडे बघत राहिला. रूपल हळूच म्हणाली, “त्यांना करू द्या.”

सुलूने हातचाक उलटं फिरवायला घेतलं. दर वेढ्याला थांबायची, रेघ बघायची. पातं बाहेर यायला वीस मिनिटं लागली. मग तिने दगड सुती दोरीने आवळला आणि सुईने रेघेत थेंब थेंब रेझिन, म्हणजे दगड सांधायचा पातळ गोंद, सोडलं. तेवढ्यात वीज गेली. रेझिन सुकवायची भट्टी बंद. तिने दगड उचलून मागच्या अंगणात कडक उन्हात ठेवला आणि शेजारी बसली.

रूपलही येऊन बसली. “हा काळा थर ज्वालामुखीतून निघालेला नाही बरं का,” ती म्हणाली. “खडक लाव्हाचा. पण हे काळं त्यानंतर समुद्राच्या पाण्यातून आलं. पाण्यात मँगनीज आणि लोखंड विरघळलेलं असतं. प्राणवायू मिळाला की त्याचे बारीक कण होतात आणि उघड्या खडकावर बसतात.”

“आमच्या बोअरच्या पाण्याने बालदी काळी पडते, तसं?”

“अगदी तसंच! फक्त दहा लाख वर्षांत दोन-तीन मिलिमीटर.”

“आणि वर गाळ नाय बसत?”

“हा समुद्राखालचा डोंगर उंच, त्याच्यावरून प्रवाह जोरात वाहतात. गाळ टिकत नाही, म्हणून तर थराला जागा मिळते.”

सुलूने रेघेवर नख टेकवून पाहिलं. रेझिन अजून चिकट होतं.

चारला वीज आली तेव्हा ते दगडासारखं घट्ट झालं होतं. तिने पातं अगदी सावकाश सोडलं. शेवटच्या बोटभर अंतरावर टक् आवाज झाला आणि काळ्या थराच्या तळाचा नखाएवढा तुकडा पाण्यात पडला.

“गेलं!” दिग्विजय म्हणाला.

सांधा धरून होता, म्हणून सुलूने पातं थांबवलं नाही. काप पुरा झाला. दोन्ही भाग तिने धुऊन टेबलावर मांडले. वरपासून खडकापर्यंत काळे-तपकिरी थर एकावर एक, अखंड. फक्त एका भागात थराच्या तळाचा कोपरा नव्हता.

“तो सगळ्यात जुना भाग,” रूपल म्हणाली. “पण दुसऱ्या तुकड्यात तो आहे. पुरेसा आहे.”

सुलूने ट्रेमधलं पाणी गाळून तो तुकडा शोधला, कागदात बांधला, त्यावर कुठून सुटला ते लिहिलं आणि रूपलच्या हातात दिला.

“चूक लपवून नाय ठेवत आमी,” ती म्हणाली, आणि पातं धुवायला वळली.