आबांची घागर

हल्ली मी कथा-कादंबऱ्या वाचत नाही. खरं घडलेलं, ज्याचं त्याने लिहिलेलं, तेवढंच वाचते. नशिराबादच्या पुढे आमचा आश्रम आहे. तिथल्या कपाटात पोथ्यांच्या खालचा एक कप्पा अशा पुस्तकांचा आहे. जळगावचे एक निवृत्त प्राध्यापक घर बदलताना दोन पोती भरून देऊन गेले होते. त्यातल्या एका पुस्तकाने माझी झोप उडवली, ती अजून आलेली नाही.

पुस्तक एका डॉक्टरचं होतं, म्हातारपणावर. मी ते कामासाठी म्हणून उघडलं. आश्रमात अकरा म्हाताऱ्या तपस्विनी आहेत. त्यांना अंघोळ घालणं, भरवणं, कूस बदलून देणं, हे माझं काम. डॉक्टरचं म्हणणं साधं होतं. आजारी माणसाला आपण गोळी घेतली का विचारतो, जेवलात का विचारतो. पण तुम्हाला आता काय हवंय आणि काय अजिबात नकोय, हे कोणी विचारत नाही. मी दोनशे पानी वही आणली आणि विचारत सुटले. एकीला तिची जुनी गोधडीच हवी होती, नवी नको. एकीला दवाखाना नको होता. एकीला सातपुड्याच्या पायथ्याचं आपलं गाव एकदा बघायचं होतं. एक म्हणाली, "मी गेल्यावर कोणी रडू नका. पण अगदीच कोणी रडलं नाही तर तेही बरं दिसणार नाही." तिच्याजवळ बसून मी पोट धरून हसले होते.

अकरा जणींना विचारलं. माझ्या वडिलांना विचारलं नाही. ते तेव्हा शिरपूरला खाटेवर होते.

आबांचं शिरपूरला बी-बियाणं आणि कीटकनाशकांचं दुकान होतं. शेतकरी रुमालात गुंडाळून कपाशीचं पान आणायचे. आबा ते उलटंसुलटं करून बघायचे, नाकाशी धरायचे आणि मागे न बघता फळीवरची बाटली काढायचे. शाळा त्यांनी सातवीत सोडलेली. पुढे नियम आला, की असं दुकान चालवायला शेतीची पदवी लागेल. मी एकुलती एक, तेव्हाच कृषी महाविद्यालयातून बाहेर पडलेली. माझं प्रमाणपत्र आबांनी चौकट करून काउंटरच्या वर लावलं आणि परवाना माझ्या नावावर झाला. येईल त्याला ते बोट दाखवून सांगायचे, "पोरनं शे." भिंतीवर मी आणि काउंटरवर आबा, असं आमचं चौदा वर्षं चाललं. बाटलीबरोबर येणाऱ्या कागदावरची मुंगीएवढी अक्षरं वाचून दाखवणं हे माझं काम. हातमोजे घाला, वाऱ्याच्या दिशेने फवारा, मधमाश्यांना घातक. ते मी कितीदा वाचलं असेल. वाचता वाचता एक दिवस ते मला ऐकू यायला लागलं, एवढंच झालं.

मी महानुभाव पंथाचा उपदेश घेतला, म्हणजे त्या पंथात आले, त्याला आता सहा वर्षं झाली. मैत्रिणीबरोबर सहज आश्रमात गेले होते. तिथले महंत, ज्यांना आम्ही बाबा म्हणतो, ते जीवदयेवर बोलत होते. नवीन काही नव्हतं. पण माझ्या हातांना औषधाचा वास येत होता आणि तो मी पदरात लपवत होते. उपदेश घेतला आणि दुकानात जाणं मला जमेना. लोक म्हणाले, डोकं फिरलंय. मी हट्टी आहे आणि तो हट्ट मी आबांकडूनच घेतलाय, त्यामुळे घरात भांडण होणार हे मी धरून चालले होते. भांडायची तयारी करून मी दुकानात गेले आणि सांगितलं, परवान्यावरून माझं नाव काढायचंय.

आबांनी फक्त विचारलं, "पक्कं शे ना?"

मी हो म्हणाले. ते स्टुलावर चढले, चौकट उतरवली, काच उपरण्याने पुसली, वर्तमानपत्रात गुंडाळली आणि माझ्या हातात दिली. "तुन्हं शे, तू ली जाय." बस्स. दुसऱ्या एखाद्या पदवीवाल्याचा कागद लावून दुकान चालवता आलं असतं, तसं सगळेच करतात. कोणीतरी सुचवलंही. आबा म्हणाले, "दुसराना कागद मना दुकानमा नको." महिन्याभरात माल परत गेला, शटर खाली आलं. त्यानंतर आबा रोज सकाळी त्या बंद शटरसमोरच्या पायरीवर बसायचे. शेतकरी सवयीने पान घेऊन यायचे. आबा ते नाकाशी धरायचे आणि कुठल्या दुकानात जा ते सांगायचे.

मी तोवर आश्रमात राहायला आले होते. हे मला मायने फोनवर सांगितलं तेव्हा मी कोणाची तरी नखं कापत होते. मी म्हणाले, "त्यांचा वेळ जातो ना, मग बरंय." असं मी बोलले. आज ते वाक्य आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

पुस्तकांच्या त्याच कप्प्यात एका शास्त्रज्ञाचं किड्यांवरचं पुस्तक निघालं. ज्या अळीला कसं मारायचं हे मी चार वर्षं शिकले, ती कोषात कशी झोपते, पतंग होऊन किती थोडे दिवस जगते, हे मला त्यात पहिल्यांदा कळलं. मला ते इतकं आवडलं की पुढच्या खेपेला आबांना दाखवायला घेऊन गेले. त्यांनी चष्मा लावून अळीचं चित्र खूप वेळ बघितलं आणि विचारलं, "यामा डोस कितला टाकाना ते देल शे का?" मी हसले, तेही हसले. दुकान बंद झाल्यापासून आम्ही दोघं एकत्र हसलो ते तेवढंच.

मग त्यांच्या किडन्या गेल्या. मी महिन्यातून दोनदा चोपड्यामार्गे बसने शिरपूरला जायचे. गोळ्या तपासायचे, पायाची सूज बोटाने दाबून बघायचे, मायला पथ्य लिहून द्यायचे. पिशवीत ती वही असायची. डॉक्टरचा प्रश्न मला पाठ होता. विचारायचं धाडस होत नव्हतं, कारण उत्तर काय येणार ते मला ठाऊक होतं असं मला वाटत होतं.

ते उत्तर घागरीचं होतं. आमच्या खान्देशात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, घरातल्या गेलेल्या माणसाच्या नावाने मातीची घागर पाण्याने भरून ठेवतात. वर छोटं मडकं, त्यावर खरबूज, आंबे. पुरणपोळी आणि आमरसाचा घास निखाऱ्यावर टाकतात आणि मग घरचे जेवतात. आठ-नऊ वर्षांची असताना मी आबांना आजोबांची घागर भरताना बघत होते. ते म्हणाले, "मनी घागर तूच भरशी." मुलगी भरते की नाही, याची चर्चा त्यांनी कोणाशी केली नाही. मी मोठ्याने हो म्हणाले होते. आता आमच्या पंथात परमेश्वराखेरीज कशाची पूजा नाही, पितरांची घागर तर नाहीच. आबांना काय हवंय हे विचारायचं, त्यांनी घागर म्हणायचं आणि मी मरणाऱ्या माणसाला नाही म्हणायचं, हे मला झेपणारं नव्हतं. म्हणून मी सूज दाबून बघत राहिले.

आबा पौषात गेले. चार महिन्यांनी त्यांची पहिली आखाजी आली आणि मी शिरपूरला निघाले.

माय घागर भरायला सांगणार, तेव्हा तिला द्यायचं उत्तर मी बसमध्ये जुळवत होते. शांतपणे बोलायचं, रडायचं नाही, तू भर पण मला सांगू नको, असं म्हणायचं. चोपडा गेलं तोवर माझी चार वाक्यं तयार झाली होती.

घरी पोचले तर मायने घागरीचा कोपरा सवयीने शेणाने सारवलेला होता. कोपरा रिकामा होता. चुलीवर पुरणही नव्हतं, नुसती खिचडी होती. मी पाणी प्यायले, हातपाय धुतले, मायजवळ बसले. ती काही विचारेना. शेवटी मीच विचारलं, "माय, घागर?"

"तुन्हा आबा सांगी गयात," माय म्हणाली. "मनी घागर भरानी नही. पोरले नही म्हननं पडी, आन् ते तिले जलमभर डाची."

म्हणजे मला नाही म्हणावं लागू नये, म्हणून त्यांनी घागरच नको सांगितली होती. खाटेवर पडून त्यांनी हे ठरवलं, मायकडून वचन घेतलं, आणि मी आले की पाय पुढे करून सूज दाबू दिली. माझी चार वाक्यं कुठल्या कुठे गेली. मी हुंदके देऊन रडले. उपदेश, बाबा, आश्रम, काही आठवलं नाही. मी म्हणाले, "मी भरते. आत्ता कुंभाराकडून आणते. मी भरते, माय."

मायने माझा हात धरून मला खाली बसवलं.

"तुले वाटस का मले भरानी नव्हती?" ती म्हणाली. "पन त्यास्ना शबद मोडाना नही." आणि तीही रडली. आम्ही खिचडी खाल्ली की नाही, ते मला आठवत नाही.

मी आश्रमात परत आले. म्हाताऱ्यांचं करते आहे, रात्री वाचते आहे. श्रद्धा माझी गेलेली नाही. पण त्या दुपारी मी घागर भरायला निघाले होते, हे मी बाबांना अजून सांगितलेलं नाही. प्रमाणपत्राची चौकट माझ्या ट्रंकेत तळाशी आहे, आबांनी गुंडाळलेल्या त्याच वर्तमानपत्रात. ती मी उघडत नाही. वही मात्र रोज हाताशी असते. एकदा आबांचं उत्तर त्यात लिहावं म्हणून पेन घेऊन बसले होते. अकरा जणींच्या उत्तरांच्या वर मी माझ्या हाताने प्रश्न लिहिलाय आणि तो विचारल्याचा दिवस लिहिलाय. आबांच्या पानावर कुठला दिवस लिहू ते सुचेना. पान तसंच कोरं आहे.