भोकाभोवतीचं गुलाबी कडं

धाड गावच्या धम्मशीलाबाईंना 'काऊन?', म्हणजे 'का?', विचारल्याशिवाय चैनच पडत नाही. पापड हातात आला तरी आधी खिडकीच्या उजेडात धरून पाहतील, मग तोंडात घालतील. ही खोड नोकरीची. बुलढाण्याच्या रस्त्यावर रबरी हातमोज्यांचा एक लहानसा कारखाना आहे, तिथं त्या चौदा वर्षं तपासणीच्या टेबलावर बसतात. दुधी काचेखाली दिवा, आणि काचेवर मोजा ताणून धरायचा. सुईच्या टोकाएवढं भोक असलं तरी उजेडाचा ठिपका चमकतो. असा मोजा बाद. दवाखान्यात जायची वस्तू, तिथं चालढकल नाही.

दसऱ्यानंतर मात्र भलतंच झालं. दिवसाला आठ-दहा मोजे बाद निघायचे, ते एकदम चाळिसावर गेले. सुपरवायझर कारभारीभाऊ तणतणत आले. एक मोजा उचलून दिव्यावर धरला, इकडून पाहिला, तिकडून पाहिला.

"कुठं हाय भोक? बाई, तुमचे डोये गेले आता. सोमवारपासून पॅकिंगले बसा."

पॅकिंगला पगार तेवढाच, पण तिथं पाहायचं काय, पुठ्ठे? बाईंनी बाद मोज्यांचा ढीग पुन्हा पुढ्यात ओढला. हट्टी बाई, बरं का!

मोजे एकावर एक ठेवले तर काय, सगळी भोकं तळहाताच्या मधोमध! एरवी भोकं कुठंही पडतात, मग आताच एका जागी काऊन? अजून वाकून पाहिलं. प्रत्येक भोकाभोवती पुसट गुलाबी कडं. रबर पांढरं, पावडर पांढरी, मग हे गुलाबी आलं कुठून?

जेवणाची सुट्टी झाली तशा त्या डबा तसाच ठेवून साच्यांकडे गेल्या. चिनीमातीचे शेकडो हात, रबराच्या चिकात बुडून निघणारे. एकेक निरखत चालल्या. पाच हातांच्या तळव्यावर तेलकट लाल डाग होता. खंडेनवमीला कारभारीभाऊंनी यंत्रांची पूजा केली, तेव्हा पाच साच्यांना तेलात कालवलेलं कुंकू लावलं होतं. तेलावर रबर धरणार कसं, सांगा!

आता आली पंचाईत. पूजेला नावं ठेवली म्हणायला लोक टपलेलेच, त्यात बाई बौद्ध घरच्या. पण गप्प बसलं तर टेबल जाणार, आणि फुटका मोजा कुणा नर्सच्या हातात चढणार.

त्यांनी एका मोज्यात पाणी भरलं आणि सरळ कारभारीभाऊंच्या हाती दिला. टपकन थेंब भाऊंच्या बुटावर पडला. मग दुसरा, तिसरा. बाईंनी त्यांना साच्यांपाशी नेलं आणि नुसतं बोट दाखवलं. भाऊंचा चेहरा उतरला. खिशातून रुमाल काढून त्यांनी स्वतः पाचही हात घासून पुसले.

"मले तं भोक दिसलंच नव्हतं, बाई," ते हळूच म्हणाले. "दिव्यावर धरूनबी."

"मंग भाऊ," धम्मशीलाबाई म्हणाल्या, "सोमवारी डोये तपासाले तुमी जा. टेबलाची फिकर नोका करू."