शिरीषदादाने फाडलेली चार पानं

शिरीषदादा आज सकाळी गेला.

मला रडू आलं नाही. येईल असंही वाटत नाही.

सकाळपासून त्याच्या ग्रुपवर ‘लेजेंड’, ‘एन्सायक्लोपीडिया’ चाललंय. नव्या अ‍ॅडमिनने मला मेसेज केला, “ताई, तुम्ही त्यांच्या लहानपणच्या शेजारी. दोन शब्द लिहा ना.”

लिहिते. पण इथे, माझ्या फेसबुकच्या भिंतीवर. त्या ग्रुपमधून मला त्यानेच काढलं होतं.

आम्ही पिपलानीत, प्लांटच्या वसाहतीत राहायचो. खाली आम्ही, वर ते. बाबा प्लांटमध्ये टेक्निशियन, शिरीषदादाचे वडील इंजिनियर. आमच्या ओळीत टीव्ही फक्त त्यांच्याकडे. दर शुक्रवारी संध्याकाळी भार्गव नावाच्या हेराची मालिका लागायची आणि अख्खी ओळ त्यांच्या हॉलमध्ये सतरंजीवर बसायची.

माझी आई नर्स. शुक्रवारी तिची हमखास ड्यूटी. तिचा एकही भाग बुडू नये म्हणून बाबा सगळं एका वहीत लिहून काढायचे. कोण कुठे गेलं, कोण काय बोललं, भार्गवने सिगरेट कुठल्या हातात धरली. घरी आल्यावर आई चहा पिता पिता वाचायची आणि खुदकन हसायची.

बाबांनी बायकोवर केलेलं प्रेम मला माहीत आहे ते एवढंच. बाकी ते फार बोलायचे नाहीत.

आता भांडण.

मालिकेच्या दुसऱ्या वर्षी भार्गवचं काम करणारा नट बदलला. पहिला भार्गव डावखुरा, दुसरा उजव्या हाताचा. पहिल्याच्या खांद्याला गोळी लागलेली, दुसरा पोहायला उतरतो तर खांद्यावर साधा ओरखडा नाही. पहिल्याची बायको वारलेली, दुसरा म्हणतो मी लग्नच केलं नाही.

मग भार्गव एक की दोन?

शिरीषदादा म्हणायचा, एकच. नट बदलला, माणूस तोच. लग्नाचं विचारलं की म्हणायचा, “जासूस है, झूठ तो बोलेगा ही.”

मी म्हणायचे, दोन. भार्गव हे नावच हुद्द्याचं आहे. एक गेला की दुसरा येतो.

लहानपणी यावरून आम्ही जिन्यात बसून तासन्‌तास वाद घालायचो. मजा यायची, खोटं कशाला बोलू. मी त्याला राखी बांधायचे.

पन्नाशीत त्याने फेसबुकवर ग्रुप काढला. देशभरातून लोक आले. वाद तोच, पण मजा गेली. एक-भार्गववाले दोन-भार्गववाल्यांना अडाणी म्हणायचे. लोक एकमेकांच्या आईवडिलांवर जायचे. जुन्या टेप कुठेच उरल्या नव्हत्या, त्यामुळे ज्याचा आवाज मोठा तो खरा.

आणि सगळ्यात मोठा आवाज शिरीषदादाचा.

मग मी एकदा लिहिलं, बाबांच्या वहीत पुरावा आहे. दुसऱ्या वर्षाच्या पहिल्या भागात म्हातारा साहेब एका नव्या माणसाला फाइल देतो आणि म्हणतो, “आज से भार्गव तुम हो.” बाबांनी वाक्य जसंच्या तसं उतरवलं होतं.

दुसऱ्याच दिवशी शिरीषदादा स्कूटरवरून घरी आला. म्हणाला, वही दे, सगळी स्कॅन करून ग्रुपवर टाकतो, काकांचं नाव होईल.

बाबांना जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. नाव होईल म्हणाला, मी दिली.

पंधरा दिवसांनी वही परत आली. त्या भागाची चार पानं नव्हती. शिलाईपाशी फाटक्या कडा तेवढ्या दिसत होत्या.

मी फोन केला. तो म्हणाला, पहिल्यापासून नव्हती. ग्रुपवर विचारलं, तर त्याने सगळ्यांसमोर लिहिलं की काकांचं डोकं शेवटी शेवटी चालत नव्हतं, कुणास ठाऊक मनचं काय काय लिहिलं असेल.

बाबांनी ते लिहिलं तेव्हा ते चाळिशीचे होते.

लोकांनी हसण्याच्या इमोजी टाकल्या. कुणीतरी लिहिलं, “अंकल ने खुद का एपिसोड बना लिया.” शिरीषदादाने त्याला लाइक दिलं. मग मला काढलं.

सहा वर्षं आम्ही बोललो नाही.

गेल्या हिवाळ्यात माधुरीवहिनींनी बोलावलं. मी त्यांच्या मिसरोदच्या घरी गेले. तो खूप वाळला होता. वहिनी चहा ठेवायला आत गेल्या तेव्हा तो म्हणाला,

“वैशू, पानं मी फाडली. जाळून टाकली.”

मी विचारलं, का?

“ग्रुपवर लोक मला सर म्हणायचे. आयुष्यात दुसरं कुणी म्हटलं नव्हतं.”

मला त्याची दया आली. ती आली म्हणून स्वतःचाच राग आला.

मी एवढंच म्हटलं, “हे तिथे लिही. बाबांना जिथे खोटं पाडलंस तिथेच.”

“लिहितो,” म्हणाला.

त्यानंतर तो पाच महिने जगला. बहिणीच्या अकाउंटवरून मी रोज ग्रुप बघत होते. भार्गवच्या कोटाच्या बटणांवर त्याने भलीमोठी पोस्ट लिहिली. त्याच्या टोपीवर लिहिली. बाबांवर एक ओळ नाही.

आज मी मिसरोदला जाऊन आले. वहिनी बाजूला घेऊन म्हणाल्या, “दोनदा लिहायला बसले होते हो. मग म्हणायचे, उद्या.”

मी त्यांचा हात धरून बसले. जाऊ दे वहिनी, असं मात्र तोंडातून निघालं नाही.

ग्रुपवरच्या मंडळींनो, स्क्रीनशॉट काढा आणि तिकडे लावा. माझे बाबा खोटं लिहीत नव्हते. तुमच्या सरांनी ते माझ्यासमोर कबूल केलं होतं.

शिरीषदादा, तुला शेवटचा नमस्कार केला. फूलही वाहिलं.

माफ केलेलं नाही.

जा आता.