वरवंट्याचा तुकडा

तवा शेतातल्या विहिरीवर आमी चौघंच होतो – मी, माहा पोरगा प्रकाश, सून सुनीता अन् शेजारचा नामदेवभाऊ. आता मी सांगून राह्यली, सुनीता मोबाईलवर लिहून राह्यली. गाव देवळीजवळ. आमी बौद्ध मानसं, भूतखेत मी कधी मानलं नाई. मालक गेले तवाई नाई मानलं.

विहिरीच्या कपारीत पांढऱ्या तोंडाचं घुबड राहे. सापावानी फुसफुसे. पोळ्याच्या मागंपुढं सुनीताले सातवा महिना, ती दचकली. प्रकाशनं घुबडाले वरवंट्याचा फुटका तुकडा हानला. वरवंट्याले नुकतेच टाकीनं टोचे पाडून घेतलते अन् तो माह्या हातून पडून फुटला. खरबडा तुकडा मी टाचा घासाले विहिरीवर ठेवलता. तो कपारीत गेला. पान्यात पडल्याचा आवाज नाई आला.

नामदेवभाऊ म्हने, "झालं! आता ते घुबड गोटा पान्यात बुडवून झिजवन, अन् इकडे तू झिजशीन."

"बरंच हाय, पोट कमी होईन," प्रकाश हासला.

अन् खरंच झिजला... जेवे चांगला, पन आंगाले लागे नाई. पँटीले सुतळी बांधे. वर्ध्याच्या दवाखान्यात रक्त, फोटो सगळं झालं. डॉक्टर म्हने, "काईच निघत नाही, मावशी." लेकरू झालं, तं त्याले उचलून प्रकाशले चार पावलं चालवे नाई. मी रडली नाई. कापूस वेचाले जात राह्यली. घर कोन चालवन?

उन्हाळ्यात नामदेवभाऊ गाळ काढाले विहिरीत उतरला. मी वरून म्हनलं, "भाऊ, कपारीत हात घालून पाह्य."

"तू तं मानत नाई ना वो, वहिनी?"

"नाई मानत. तू पाह्य."

उंदराच्या हाडकांत तुकडा होता. टोपल्यात वर आला. टाकीचे टोचे गायब... साबनाच्या वडीवानी गुळगुळीत. अन् ओला! कपार तं कोरडी, पानी पार तळाले गेलतं.

मी तो पदरानं पुसला, तुरीच्या डाळीच्या डब्यात ठेवला. प्रकाश हळूहळू भरला. आता लेकरू खांद्यावर घेऊन फिरते. मले चिडवते, "माय, वरनात गोटा नको टाकजो."

ताकदीच्या गोळ्या चालू होत्या, त्यानं बी झालं असन. मले काई समजलं नाई. पन गोटा उघडा पडू नये म्हनून, डाळ सरत आली का मी डब्बा आधी भरत राह्यली.

आता मी थकली. तुमच्यात कोनाले ठावं असन तं सांगजा – माह्यामागं हा गोटा कुठी ठेवावा? इथंच लिहा, सुनीता वाचून दाखवीन.